एअरबॅगचं कापड

गजेंद्रला गाड्यांचं वेड कुठून लागलं, हे वर्षाला कधीच कळलं नाही. शहाद्याकडच्या त्याच्या घरी सायकलसुद्धा नव्हती. पण दरवर्षी परदेशात जगातली सर्वोत्तम नवी कार निवडली जायची, तेव्हा कामासाठी परराज्यात आलेला हा कोसाडच्या खोलीत मोबाइल भिंतीला टेकवून तो सोहळा बघत बसायचा. निकाल मनासारखा लागला नाही, तर जेवताना परीक्षकांना नावं ठेवायचा.

नवराबायको पांडेसऱ्याच्या औद्योगिक भागातल्या एकाच कारखान्यात होती. तिथं एअरबॅगचं कापड विणलं जाई. तो मागावर, आणि ती तपासणीच्या टेबलावर. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड ओढायचं आणि दोष शोधायचे. एक धागा तुटलेला दिसला तरी तेवढा तुकडा बाद.

यंदा बक्षीस ज्या कारला मिळालं, तिच्यासाठी कापड ह्याच कारखान्यातून गेलं होतं. गजेंद्रनं वर्षाला चुलीपासून उठवलं.

"दख, आपलं कापड शे त्यामा."

"दिसस कोठे?"

"दिसालेच नको. दिसनं म्हणजे गाडी ठोकाई गई."

कारखान्याचे शेठ खूश झाले. ती कार मागवून रविवारी कारखान्याच्या आवारात ठेवू, सगळ्यांनी घरच्यांना घेऊन या, आत बसून फोटो काढा, असं त्यांनी सांगितलं. गजेंद्र आजवर कारच्या पुढच्या सीटवर बसला नव्हता. शनिवारी त्यानं शर्टाला दोनदा इस्त्री केली.

रविवारी न्यायला कारखान्याचा नेहमीचाच टेम्पो आला. मालाचाच तो, मागे फळीला धरून उभं राहायचं. गजेंद्रनं बायकांना आत घेतलं आणि स्वतः कडेला राहिला. पुलावरून उतरताना टायर फुटून टेम्पो कलंडला. गजेंद्र जागीच गेला. वर्षाचा उजवा हात कोपरातून मोडला.

कार मात्र वेळेवर आली होती. दुपारपर्यंत झाकलेलीच उभी होती, मग परत नेली. हे वर्षाला भागीरथीनं सांगितलं. ती शेजारच्या टेबलावर काम करायची.

शेठ दवाखान्यात भेटायला आले. खुर्ची असूनही उभेच राहिले.

"वर्षाबेन, काही लागलं तर सांगा."

"बस लावा," ती म्हणाली.

"कसली बस?"

"बसायला सीट असलेली. टेम्पो नको."

"बघू," असं म्हणून ते गेले.

प्लास्टर निघाल्यावर ती कामावर निघाली, तर वसाहतीच्या कोपऱ्यावर टेम्पोच उभा. ती चढली नाही. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. भागीरथी खाली उतरून तिच्या बाजूला येऊन उभी राहिली, मग आणखी दोघी, मग सगळ्याच. सुपरवायझरनं फोनवर कामावरून काढायची धमकी दिली. त्या तशाच घरी परतल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या आठवड्यात एक जुनी बस आली, फाटक्या सीटची.

वर्षाला त्या बसमधून फार दिवस जाता आलं नाही. हात पुरता वळेना, कापडाचा गठ्ठा ओढवेना. "आधी हात बरा होऊ द्या, मग बोलावतो," असं मॅनेजर म्हणाले. अजून बोलावलेलं नाही.

ती आता घरीच साड्यांना खडे चिकटवते, डाव्या हातानं. काम सावकाश होतं. सकाळी बस दारावरून जाते तेव्हा भागीरथी खिडकीतून हात करते. वर्षाला वर बघायला दरवेळी जमतंच असं नाही.