हिराबायची टाळू

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीला माझा दातांचा दवाखाना होता. एका सकाळी तुर्भ्याजवळच्या गावातून हिराबाय आल्या, सोबत सून. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा उजवीकडचा वरचा जबडा टाळूसकट काढला होता... पाणी प्यायल्या की नाकातून बाहेर.

बोलणंही सगळं नाकात, शब्द कळायचाच नाही. सून समजावून सांगायची, "नातीचा लगीन हाय पुढल्या म्हयन्यात. धवला मीच गानार, आई बोलतान."

हिराबाय धवलारीण होत्या. आगऱ्यांच्या लग्नातले विधी जिच्या गाण्याशिवाय पुढे सरकत नाहीत, ती.

टाळूचं भोक बुजवणारी कवळी मी शिकताना दोनदाच केली होती, तीही सरांच्या नजरेखाली. तरी माप घेतलं. डावीकडच्या पाच दातांना धरतील असे तारेचे आकडे केले आणि मोठ्या ऐटीत बसवली.

हिराबायनी "आ" लावला... आणि कवळी थेट मांडीवर! त्यांनी ती तळहातावर तोलली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी ओशाळलेच.

चूक माझी होती. भोकात बसणारा फुगीर भाग मी भरीव केला होता, त्याच्या वजनानेच कवळी निसटली. पुन्हा माप घेतलं, या वेळी त्यांना गायला लावून. फुगीर भाग आतून पोकळ केला, दोन वाट्या तोंडाला तोंड लावून जोडाव्यात तसा. पाण्यात टाकून बघितला... तरंगला!

लग्नाला चार दिवस उरले असताना नवी कवळी बसवली आणि ग्लासभर पाणी दिलं. नाकातून एक थेंब नाही. हिराबायनी अख्खा ग्लास संपवला. मग स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "बाय, पानी गोड लागतंय गो!"

सून रडायलाच लागली. "आई, सगला समाजला!"

लग्नाला मी गेले. सगळे नवरीकडे बघत होते, मी मात्र हिराबायच्या तोंडाकडे... आकडा हलतोय का? नाही हलला. तासभर गायल्या. मग एकदम थांबल्या. कवळी सुटली की काय, म्हणून मी अर्धी उठलेच.

त्यांनी हाताने मला जवळ बोलावलं, शेजारी बसवलं. पुढच्या ओळीत नवरीच्या आत्या-मावश्यांच्या नावांनंतर माझं नाव आलं... "डागदरीन बाय"! अख्खा मांडव हसला.

मला त्या गाण्यातलं निम्मंही कळलं नव्हतं. पण नवरीची आणखी एक मावशी होऊन मी घरी आले... हिराबाय, तेवढं नातं अजून जपलंय हो.