कालच्याइतकीच बोटं

माझ्या बायकोच्या मामांइतका निर्जीव वस्तूंवर अविश्वास ठेवणारा माणूस भाईंदरच्या फाटकापासून काशीमीऱ्याच्या नाक्यापर्यंत दुसरा झाला नसेल. खुर्ची दिसली की आधी तिचे चारही पाय हलवून बघत, मग बसत. जिना उतरताना एक हात कठड्यावर, आणि कठडा पक्का आहे ना हे चाचपायला दुसरा. आमच्या लग्नात होमाशेजारी ते पाण्याची बादली घेऊन असे काही उभे राहिले, की सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत आम्हा दोघांच्या मधोमध ती बादली आली आहे. सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या ब्लॉकच्या वास्तुशांतीला लोकांनी भिंतीवरची घड्याळं आणि लेमन सेट आणले. मामांनी वाळूने भरलेली लाल बादली आणली, तीही चार मजले स्वतः चढवून, कारण बिल्डरने नुकत्याच सुरू केलेल्या लिफ्टशी त्यांची पुरेशी ओळख नव्हती. पुढे बायकोने त्या वाळूत माती मिसळून पुदिना लावला. मामा आले की चहाच्या आधी बादलीपाशी जात, वाकून बघत आणि म्हणत, "आग लागली की चटणी फेका तिच्यावर."

शेअर रिक्षात ड्रायव्हरच्या बाजूला कोणी बसलेलं त्यांना चालत नसे. "भाईसाब, आगे कोई नहीं बैठेगा," असं ते मीरा रोड स्टेशनबाहेर जाहीर करत. "चाचा, बैठना है तो बैठो, नहीं तो पैदल जाओ," असं ठरलेलं उत्तर येई, आणि मामा खरोखरच चालत निघत. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारं वाहन दिसावं म्हणून. मामी घरात नारळ फोडायला घेत तो मामा अंघोळीला गेल्यावरच.

भाईंदरच्या ज्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मामा पत्र्याला आकार देणारा प्रेस चालवत, तिथेच त्यांनी मला ऑफिसात चिकटवलं. त्यामुळे अख्खा कारखाना मला जावईबापू म्हणे. कामगारांच्या सुरक्षा समितीचं इतिवृत्त लिहिणं माझ्याकडे होतं. ही समिती तोवर कागदावरच नांदत होती. महिन्यातून एकदा ऑफिसात जमायचं, समोसे खायचे आणि मी लिहायचं, 'सर्व काही समाधानकारक आहे.' मी शिकलेला, चार पुस्तकं वाचलेला माणूस. पण हे वाक्य मी वर्षभर सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मामा सेक्रेटरी झाले आणि पहिल्याच महिन्यात समोसे बंद झाले. सभा प्रेसच्या शेजारी, उभ्याने घ्यायची असं ठरलं. "खुर्चीत बसलं की सगळं सुरक्षितच वाटतं," मामा म्हणाले.

त्यांनी एक जाड वही आणली आणि तिच्यावर माझ्याकडून लिहून घेतलं, 'थोडक्यात निभावलं'. कोणाची बाही मशीनमध्ये ओढली जाता जाता सुटली, कोणाचा पाय तेलावरून घसरला, तर त्याने ते त्यात लिहायचं. अट एकच, लिहिणाऱ्याला कोणी रागवायचं नाही. सुरुवातीला लोक हसले. एकाने 'बायकोच्या हातून थोडक्यात निभावलं' असंही लिहिलं. मामांनी गंभीरपणे चौकशी केली आणि त्याच्या घरच्या लाटण्यासंबंधी सूचना दिल्या. पण वही भरू लागली आणि तेल पुसलं जाऊ लागलं.

आणि कारखान्याच्या फाटकावरची ती मोजणी! पाळी सुटली की मामा फाटकाशी उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला म्हणत, "दाखवा." लोक दोन्ही पंजे पसरून दाखवत आणि चेष्टा करत पुढे जात. शेवटी पाळी यायची फाटकावरच्या धर्माची. धर्मा राई गावचा. पूर्वी मामांच्या शेजारच्या प्रेसवर होता, तिथे त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली आणि मालकांनी त्याला पहारेकरी केलं. मामा त्यालाही सोडत नसत. तो पंजे पसरे, मामा मोजत, "सात. कालच्याइतकीच." धर्मा म्हणे, "नवी फुटली की सांगन तुला. जा आता घरी." त्याशिवाय दोघांचाही दिवस संपत नसे.

मग एका वर्षी नवे मॅनेजर आले. धनत्रयोदशीच्या आधीचे दिवस, भांड्यांच्या ऑर्डरी तुंबलेल्या. मॅनेजरांनी वही चाळली. पॉलिशच्या विभागातल्या रामबचनने माझ्याकडून लिहून घेतलं होतं की त्याची बाही चाकात अडकली होती. मॅनेजरांनी त्याला निष्काळजीपणाचा मेमो दिला आणि तीन दिवस घरी बसवलं. दुसऱ्या दिवसापासून वही कोरी. त्याहून वाईट म्हणजे प्रेसवर सुतळ्या परत आल्या. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच साचा खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. घाईच्या दिवसांत एक बटण सुतळीने बांधून टाकत. मग एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला साच्याखाली. काम दुप्पट होई. मामा सुतळ्या कापत सुटले. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या पुन्हा बांधलेल्या असत. "मामा, वही आता मॅनेजरची आहे," एक जण म्हणाला. "आमचं आम्ही बघतो."

त्या महिन्याच्या सभेला मॅनेजर स्वतः आले, आणि सवयीने खुर्ची मागवून बसले. मी पेन उघडून, 'सर्व काही समाधानकारक' एवढं लिहून थांबलो होतो.

"जावईबापू, ते खोडा," मामा म्हणाले, "आणि वही घ्या. लिहा, धर्माच्या प्रेसचं बटण मी बांधलं होतं."

माझा हात थांबला.

"लिहा ना. सुतळी माझी, गाठ माझी. दिवाळीचीच घाई होती. त्या दिवशी निभावलं नाही."

इतक्या वर्षांत हे त्यांनी मामींनाही सांगितलं नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस सगळ्यांसमोर आपला गुन्हा मॅनेजरांच्या हातात देत होता, आणि तो लिहायला जावई. माझं अक्षर त्या दिवशी पहिल्यांदा वाईट आलं.

"हे जुनं प्रकरण आता कशाला काढता?" मॅनेजर म्हणाले.

"साहेब, मेमो द्यायचा तर आधी मला द्या. रामबचनने निदान त्याच दिवशी सांगितलं. मी सांगायला एवढी वर्षं लावली."

कोणीतरी फाटकावर जाऊन धर्माला बोलावून आणलं. त्याला वाटलं, आग लागली. सगळं ऐकून तो मामांवरच चिडला. "याला काय नवल हाय? मना म्हाईत न्हाय का? मीच बोललो, बांध म्हून. येडा माणूस! सगली बोटं गेल्यासारका माझ्याकडं बघतो रोज."

मॅनेजर खुर्चीवरून उठले. रामबचनचा मेमो मागे घेतो, एवढंच म्हणाले आणि माझ्याकडची वही मामांच्या हातात ठेवून निघून गेले. मग रामबचन पुढे आला. "जावईबापू, आज का मेरा लिखो. नाम के साथ लिखना." त्याच्यामागे प्रेसवाले एकेक करून येत गेले आणि आपापली सुतळी मामांसमोर ठेवत गेले. मामांनी त्या मोजल्या. मोजल्याशिवाय त्यांना चैन कुठलं पडायला? त्या सुतळ्यांनी मामींनी वर्षभर पापडाचे डबे बांधले.

मामांना जाऊन सव्वा महिना झाला. बिछान्यात, साध्या तापाने गेले; साऱ्या दगाबाज वस्तूंनी त्यांना सुखरूप सोडलं होतं. तेराव्याला कारखान्यातली बरीच माणसं आली, बोलली, जेवली. सगळे गेल्यावर धर्मा आला. फोटोसमोर उभा राहिला, नमस्कार केला नाही, नुसते दोन्ही पंजे पसरून धरले. तसाच उभा राहिला. तो कशाची वाट बघतोय ते माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मी त्याच्या शेजारी गेलो आणि मोजली. "सात," मी म्हणालो. "कालच्याइतकीच."

"बरं," धर्मा म्हणाला, आणि हात खाली घेऊन घरी गेला.