वहीतला जुलाब

कल्पनामावशींच्या वहीत प्रत्येक मुलाचं एक पान असे. काय खाल्लं, किती झोपलं, शी कशी झाली. बंगळुरात, बनशंकरीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत एकवीस वर्षं लोकांची मुलं दिवसभर सांभाळली गेली होती, आणि संध्याकाळी आईनं विचारायच्या आत वही पुढे करायची, ही मावशींची रीत. ती वही कधी खोटं बोलली नव्हती. गेले आठ दिवस मात्र ती खोटं बोलत होती.

त्या दुपारी चार वर्षांचा राजस भाताचा घास तोंडात धरून बसला. मग पाय आवळून भिंतीला टेकला, लालबुंद झाला आणि खाल्लेलं सगळं ओकला. मावशींनी त्याच्या पोटावर हात ठेवला. डावीकडे काहीतरी टणक लागलं.

राजसला शीला खडा व्हायचा. डॉक्टरांनी पावडर दिली होती. जेवणानंतर रोज एक पुडी पाण्यातून, काही महिने. पंधरा दिवस बरे गेले. मग चड्डीला दिवसातून तीन-चारदा पातळ लागायला लागलं. मावशींनी वहीत लिहिलं, 'जुलाब'. लिहिलं मात्र, त्यांना धाकटा भाऊ आठवला. दर रविवारी नाक दाबून एरंडेल पाजायचे त्याला. एका रविवारी संडासला धावून धावून तो पांढराफटक पडला, सलाईन लावावं लागलं.

"अगं, जुलाब होणाऱ्या पोराला जुलाबाचंच औषध द्यायचं?" त्यांनी राजसच्या आईला, शाल्मलीला विचारलं होतं.

"डॉक्टरांनी सांगितलंय ना मावशी? द्याच. महिनाअखेरीस दाखवणारच आहोत," शाल्मली ऑफिसच्या कॉलमधून मान वर करून म्हणाली होती.

दुसऱ्या दिवसापासून पुडीचं पाणी मोरीत जाऊ लागलं. वहीत मात्र बरोबरची खूण होत राहिली.

"शी व्हायला साबणाची कांडी लाव की," ओकलेल्या राजसकडे बघत चंद्रकांत, त्यांचे निवृत्त यजमान, दारातून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा हो. आधी ऑटो बघा!"

फोनवर शाल्मलीचा आवाज फाटला होता. "निघालेच मी. पण इलेक्ट्रॉनिक सिटीतून तास तरी लागेल. तुम्ही पोचा. औषध चुकलं नाहीये ना, मावशी?"

"ऑटो आली," म्हणून मावशींनी फोन ठेवला.

दवाखान्यात डॉक्टर नागराज, पावडर देणारे तेच, कन्नडमध्ये भराभर विचारत होते. उलटी हिरवी होती? शीमधून रक्त? ताप? नाही, नाही, नाही. त्यांनी पोट दाबून पाहिलं.

"अक्का, पुडी रोज जातेय?"

मावशींच्या हातांनी सवयीनं वही पुढे केली. आठ दिवस, आठ खुणा.

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "रोज घेऊन एवढं साठलंय? मग मला वेगळा विचार करावा लागेल. रक्त तपासू, पोटाचा फोटो काढू."

राजसनं मावशींचं बोट घट्ट धरलं. सांगितलं तर शाल्मली पोराला घेऊन जाणार. उद्या ही गोष्ट सोसायटीतल्या सगळ्या आयांच्या ग्रुपवर जाणार. आणि नाही सांगितलं, तर हे डॉक्टर या इवल्याशा दंडात सुई खुपसून भलताच आजार शोधत बसणार.

"या खुणा खोट्या आहेत," त्या म्हणाल्या. डॉक्टर नुसतेच बघत राहिले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण मराठीत बोललो. तेच वाक्य पुन्हा कन्नडमध्ये म्हणणं पहिल्यापेक्षा जड गेलं.

डॉक्टर ओरडले नाहीत. कागदावर त्यांनी एक नळी काढली, तिच्यात एक गोळा. "हे जुलाब नव्हेत, अक्का. आत खडा अडकलाय, त्याच्या बाजूनं पातळ झिरपतंय. तुम्ही औषध थांबवलंत, खडा वाढला."

"मला वाटलं, पोर सुकून जाईल..."

"ही पावडर एरंडेलासारखी पिळवटत नाही. पाणी धरते, शी मऊ ठेवते. आता काही दिवस मात्रा वाढवून लिहितो, खडा सुटला की कमी करू. मनानं बंद नाही, मनानं जास्त नाही. स्वल्पसुद्धा नाही, जरासुद्धा. घरचे साबणबिबण तर नाहीतच. पाणी भरपूर द्या. परत उलटी झाली, पोट फुगलं, तर थेट मोठ्या हॉस्पिटलात."

मावशींनी मागे पाहिलं. शाल्मली सगळं ऐकत दारात उभी होती. तिनं राजसला उचललं, औषधाचा कागद घेतला आणि गेली.

तीन दिवस बेल वाजली की मावशी आधी खिडकीतून बघत. चौथ्या दिवशी दारात राजस होता.

"दुसरं कुणी मिळालं नाही म्हणून आणलाय," शाल्मली म्हणाली. "राग गेलेला नाही माझा. खडा सुटलाय, पण पुडी चालूच आहे. ती रोज व्हिडिओ कॉलवर, माझ्यासमोर द्यायची."

"सरी, बरं," मावशी एवढंच म्हणाल्या.

जेवण झालं, पुडी झाली. पायाखाली पाट घेऊन राजस शीला बसला. मावशी बाहेर भिंत धरून उभ्या.

"मावशी, झाली! ये!"

त्यांनी वाकून पाहिलं. मग चष्मा घालून परत पाहिलं. वही उघडली, पण पेन टेकेना.

"काय लिहू रे? कशी झाली?"

राजसनं विचार केला. "केळ्यासारखी."

मावशींनी तेच लिहिलं.