साहेबांच्या तोंडातले दात

माझी मावशी बस डेपोच्या हरवले-सापडले विभागात सव्वीस वर्षं कारकून होती. खोली एवढीशी, खिडकी एकच, आणि भिंतभर फळ्यांवर लोकांचा विसरभोळेपणा मांडलेला: छत्र्या, चष्मे, डबे, एकेकट्या चपला. सहा महिन्यांत मालक फिरकला नाही, तर वस्तू भंगारात द्यायची. मावशी द्यायचीच, फक्त आधी स्वतः निवडून घ्यायची.

घरी गॅलरीत तिचा कारखाना. प्लायवुडवर रंगाने माणूस काढायचा आणि रंग कमी पडेल तिथे खरी वस्तू बसवायची. छत्रीची मूठ नाक व्हायची. काका वैतागायचे, "घरात माणसं दोन आणि नाकं चौदा!" पण ड्रिल तेच धरायचे.

एका वर्षी कँटीनमध्ये कर्मचाऱ्यांच्या कलेचं प्रदर्शन भरलं. मावशीने थेट डेपो मॅनेजरसाहेबांनाच चितारलं. भुवया टूथब्रशच्या, पोटाच्या जागी हेल्मेट, आणि रंगवलेल्या जाड ओठांमध्ये, बारीक तारेने बांधलेली, बारा नंबरच्या बसमध्ये सापडलेली कवळी. साहेबांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. चित्रात ते बत्तीशी दाखवत होते.

साहेबांनी चित्रातल्या हेल्मेटवर बोट टेकवलं. "पोट जरा जास्त झालंय."

"याहून लहान हेल्मेट कुणी विसरलंच नाही, साहेब," मावशी म्हणाली.

तेवढ्यात चहाला आलेले एक निवृत्त हेडमास्तर चित्रासमोर थबकले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"हे दात माझे आहेत."

साहेब म्हणाले, "पुरावा काय?"

हेडमास्तरांनी तोंडातली कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि बोटानेच खूण केली: सोडवा. मावशीने पक्कडीने तार कापली, कवळी गरम पाण्याने धुतली. त्यांनी ती तोंडात सरकवली. टक्क!

"बारा नंबर. खिडकीची सीट. शिंक आली," हेडमास्तर खणखणीत बोलले. "लाजेपोटी विचारायला आलो नाही."

पुरावा चोख होता. पण आता चित्राकडे बघवेना. साहेबांचं तोंड पार बोळकं झालं होतं. ते मावशीच्या कानाशी पुटपुटले, "बाई, काहीतरी करा. मी हसताना बरा दिसत होतो."

हेडमास्तरांचे कान तिखट. "तीस वर्षं मुलांना म्हण शिकवली, आपलेच दात, आपलेच ओठ. इथे दात माझे आणि ओठ तुमचे! ठेवा. माझी नवी कवळी उत्तम आहे. फक्त खाली माझा उल्लेख हवा."

मावशीने कवळी पुन्हा तारेने बांधली आणि लगेच चिठ्ठी चिकटवली: 'दात: हेडमास्तरांच्या सौजन्याने.' मग रोज ते कुणा ना कुणाला घेऊन यायचे, स्वतःचे दात दाखवायला.

बातमी पसरली आणि लोक मुद्दाम वस्तू विसरू लागले. कुणी किटली ठेवून जाई, सोबत चिठ्ठी: 'कान केला तरी चालेल.' कंडक्टर टेकीला आले. शेवटी साहेबांनी प्रत्येक बसमध्ये पत्र्याची पाटी लावली: 'प्रवाशांनी कलेसाठी वस्तू विसरू नयेत.'

पाट्या एकोणचाळीस लावल्या होत्या. महिन्याभरात अडतीसच उरल्या. एकोणचाळिसावी एका कंडक्टरच्या चित्रात कपाळ म्हणून बसली आहे, आणि ती गळून पडलेली सापडली, असं मावशी शपथेवर सांगते.