कान्यावरचा तीळ

परवान्याशिवाय श्वास घेणाऱ्या माणसाविषयी मामाजींना कायम थोडा संशय असे. हे माझ्या थोरल्या बहिणीचे मामेसासरे. आमच्याच अमरावतीत, राजापेठेत राहत, हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. ताई त्यांना मामाजी म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. छत्री उसनी दिली तरी ते सोबत चिठ्ठी देत: ‘ही छत्री फक्त पावसासाठी. उन्हात उघडू नये.’ ताईने त्यांच्याकडून लिंबाच्या लोणच्याची रीत लिहून घेतली, तर खाली अट होती की शेजारणीला चव द्यावी, रीत देऊ नये. ताईच्या लग्नात तर त्यांनी अक्षता टाकून झाल्यावर भाच्याच्या हातात घडी केलेला कागद ठेवला. सगळ्यांना वाटले, आहेराची नोट असेल. उघडून पाहतात तो आत सुवाच्य अक्षरात: ‘हा आशीर्वाद याच जोडप्यासाठी आहे. दुसऱ्या कोणास देता येणार नाही.’ तो कागद ताईने ट्रंकेत जपून ठेवला आहे. घरात खडाजंगी झाली की ती तो काढून नवऱ्यासमोर धरते.

पण परवान्यांचा खरा थाट अक्षरपेटीचा. ही मामाजींची स्वतःची निर्मिती. घासलेटच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी अकरा साचे केले होते. एकात उभा काना कोरलेला, एकात आडवी रेघ, एकात अर्धगोल, एकात गाठ. साचा भिंतीवर धरायचा, रंगाचा बोळा फिरवायचा, मग पुढचा साचा जोडायचा. अकरा तुकड्यांतून सगळी बाराखडी उभी राही आणि ज्याला सरळ रेघ ओढता येत नाही त्याची पाटीही देखणी दिसे. अचलपूरच्या दुकानांवर, खेड्यांतल्या शाळांवर, नाटकांच्या फलकांवर तीच अक्षरे. झाकणाच्या आतून परवाना चिकटवलेला असे: एकाची पेटी एकानेच वापरावी, साचे गिरवून घेऊ नयेत, मेहुण्याला देऊ नयेत. मेहुण्यानेच काय घोडे मारले, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “भाऊ वापस करते. मेव्हना करत नाई.”

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील कुठल्या ना कुठल्या चळवळीत असत, आणि उरलेल्या पत्रकांची कव्हरे माझ्या पुस्तकांना चढत. मी वाचायला शिकलो तेच ‘बंधूंनो’ या शब्दापासून. एकोणिसाव्या वर्षी माझा ठाम विश्वास होता की एक पत्रक आणि एक रिकामी भिंत मिळाली की जग पालटते. तेव्हा आमचा लढा गावच्या वाचनालयाशी होता. सभासदांनी आत बाकावर बसून वाचायचे, बाकीच्यांनी ओट्यावर उभे राहून शिळी वर्तमानपत्रे चाळायची, असा तिथला नियम. ‘वाचनालय सर्वांना उघडे करा’ हे आम्हाला भिंतीभिंतीवर लिहायचे होते. मी मामाजींकडून पेटी घेतली, परवान्यावर सही केली आणि आठ दिवसांत तो मोडला. अक्षर कुणाच्या बापाचे नाही, असे म्हणत मी अकराच्या अकरा साचे गिरवले, आणि त्यावरून पत्रे कापून घेऊन पाच संच अकोल्याच्या मित्रांना पाठवले. वर हे तत्त्वासाठी केले म्हणून छाती फुगवून फिरलो.

महिन्याभराने मामाजी डोळे दाखवायला एस्टीने अकोल्याला गेले. परत आल्यावर त्यांनी मला बोलावून घेतले आणि पाट दिला. ही वाईट खूण होती, कारण एरवी ते मला उभ्याउभ्याच झापत.

“तू अकोल्याले कधी गेला होता?”

मी म्हणालो, कधीच नाही.

“मंग तुही पेटी तेथी एकटीच फिरून राहिली काय?”

तेव्हा मला त्यांचे गुपित कळले. प्रत्येक पेटीतल्या काना-साच्याला ते कानशीने एक बारीक खाच पाडत, त्यामुळे रंग दिला की कान्याच्या कडेला तिळाएवढा उंचवटा उमटे. प्रत्येक पेटीचा तीळ वेगळ्या जागी. कुठल्याही गावच्या भिंतीवरून मामाजी सांगत, ही पेटी कोणाची. माझा तीळ कान्याच्या पायाशी होता, आणि मी इतक्या इमानाने चोरी केली होती की तीळसुद्धा गिरवला होता. अकोल्याच्या मोटारस्टँडपासून बाजारापर्यंत प्रत्येक कान्याच्या पायाशी मी उभा होतो! मामाजींनी पेटी काढून घेतली. संध्याकाळी चिठ्ठी आली: ‘परवाना रद्द. चहाला येण्यास हरकत नाही.’

त्यानंतर दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. एका डोळ्याचे ऑपरेशन फसले, दुसऱ्यात मोतीबिंदू उतरला. कात्री चालेना. दारावर पाटी लागली: ‘अक्षरपेटी करणे बंद. कारण विचारू नये.’ साहजिकच सगळा जिल्हा कारण विचारायला आला. लोकांचा जीव खालीवर होत होता, कारण पत्रा गंजतो, कडा वाकतात. नवी पेटी मिळाली नाही तर चार-दोन वर्षांत ती अक्षरे भिंतींवरून नाहीशी होणार होती. अकोल्याचा एक रंगाचा व्यापारी मूळ साचे मागायला आला. त्याने आणलेल्या कागदावर अट एकच: पेटी फक्त त्याच्या दुकानात मिळेल, दुसऱ्या कोणी करायची नाही, जुनी दुरुस्तही करायची नाही. मामाजींना तो कागद पसंत पडला असावा. अटी त्यांना मुळातच आवडत.

मी पेटून उठलो. व्यापाऱ्यादेखत अंगणात उभा राहून अर्धा तास बोललो. साचे उघडे करा, ज्याला हवी त्याने पेटी करावी, कापावी, वाटावी, असे सगळे. तुळशीवृंदावनाशिवाय दुसरे श्रोते नव्हते, पण मी हजारोंच्या सभेत असल्यासारखा हात उडवत होतो.

“लोकं वाकडं करतीन,” मामाजी म्हणाले.

मी म्हणालो, वाकडे होऊन जगेल. एका दुकानात सरळ राहून मरण्यापेक्षा ते बरे.

त्यांनी व्यापाऱ्याच्या कागदाची घडी घातली. मग हलक्या आवाजात म्हणाले, “मंग माहं काय राहीन त्याच्यात?”

माहेरपणाला आलेली ताई मामाजींसाठी डबा घेऊन आली होती. ती पायरीवरूनच म्हणाली, “तीळ राहील नं, मामाजी.”

मामाजींनी मान वर केली. व्यापाऱ्याला चहा पाजून वाटेला लावले आणि मला लेखणी घ्यायला सांगितली. त्यांचा शेवटचा परवाना मी माझ्या हाताने लिहिला: ‘ही पेटी कोणीही करावी, कोणालाही द्यावी. बदल सुचल्यास करावा. ज्याने घेतली त्याने पुढच्याला अडवू नये. माझा तीळ कान्याच्या मध्यावर आहे, तो राहू द्यावा. प्रत्येकाने आपला तीळ घालावा, आधीच्याचा पुसू नये.’ मी सहीसाठी कागद पुढे केला, तर ते म्हणाले, “थांब. आखीन लिही. मेव्हन्याले द्यायले हरकत नाई.”

मी त्याचे पत्रक केले, हे सांगायला नको! साच्यांच्या आकृत्यांसह ते एस्टीच्या प्रत्येक गाडीबरोबर गावोगाव गेले. माझी पेटी मी मामाजींच्या साच्यांवरून नव्याने कापली, त्यांचा मधला तीळ ठेवून माझा पुन्हा पायाशी घातला आणि तिच्यावरून मागेल त्याला नवी काढू दिली.

पुढे ताईच्या नवऱ्याची बदली धारणीला झाली. मी तिला भेटायला निघालो, तर तोवर काहीच दिसत नसलेले मामाजी हट्टाने बरोबर आले. शाळेच्या भिंतीवर तेलरंगाच्या बोटाला लागेल अशा जाड थरात, मोठ्या अक्षरांत नाव होते. त्यांनी माझा हात धरून आपले बोट एका कान्याच्या कडेवर टेकवले. मध्यावर थांबले. “हा माहा.” खाली सरकले. “हा तुहा, चोरट्या.” मग वर गेले आणि शिरोरेषेखाली बोट अडले. तिथे तिसरा तीळ होता.

“हा कोनाचा?”

शाळेतून बाहेर आलेल्या मास्तरांनी आतल्या जंगलातल्या एका पाड्याचे नाव घेतले. तिथला कोणी माणूस. आम्ही दोघांनी ना तो पाडा ऐकलेला ना तो माणूस. मामाजींचे बोट त्या तिळावर किती तरी वेळ होते. निघताना त्यांनी आपली छत्री माझ्या हातात दिली.

“त्याले भेटला त देजो. उन्हात उघडली तरी चालते म्हनजो.”

मामाजी आता नाहीत. तो माणूस अजून भेटलेला नाही, आणि छत्री माझ्या दारामागे खुंटीला आहे. पावसात मी ती वापरतो. उन्हात उघडत नाही, माझा परवाना जुना आहे.