फुलवंताची चौकट

नंदुरबारच्या बाजारात कापूस सोसायटीची जुनी कचेरी आहे. लाल विटांची, गिलावा न केलेली. तिचा कोपरा गोल वळतो, पोटुशी बाई अंग सांभाळून वळते तसा. जिन्याच्या भिंतीत विटा सोडून सोडून जाळी केलीय, मे महिन्यातही तिथं वारा खेळतो. शिकलेले लोक येऊन फोटो काढतात. माझ्या मात्र पोटात दुखतं. कचेरी दिसली की फुलवंता आठवते. आठवायची काय, शेजारीच राहते.

नव्या नवऱ्या असताना आम्ही दोघी त्या बांधकामावर होतो. मी वाळू चाळायची, ती हौदात विटा भिजवायची. आजही जाता-येता ती त्या कोपऱ्यावर हात ठेवून म्हणते, "मन्ही भिंत शे ही."

"हो बाई," मी म्हणते, "अन् मन्ही वाळू तिन्हा पोटमा गाडेल शे."

दाराची चौकट बसवायच्या दिवशी पूजेला सोसायटीच्या मोठ्या बाई यायच्या होत्या, त्या आल्याच नाहीत. मुहूर्त टळत होता. नवलसिंग मिस्तरीनं आम्हा दोघींकडं पाहिलं आणि हाक मारली फुलवंताला. हळदकुंकू तिनं लावलं. मी नारळाच्या करवंट्या उचलल्या.

पुढं तिचा नवरा वाहरू ऐन तारुण्यात गेला. त्याच कचेरीच्या रुंद छज्ज्याखाली भाजी विकून तिनं लेकरं मोठी केली. गाव तिला 'कचेरीवाली' म्हणतं. दुःखाचं मला वाईट वाटलं, नावाचा हेवा वाटला. दोन्ही खरं.

यंदा ती चौकट वाळवीनं खाल्ली. सोसायटीचा उमाकांत फुलवंताच्या ओट्यावर आला. मी भिंतीआडून कान लावलेला.

"आजी, नव्या चौकटीची पूजा तुमच्याच हातून."

"मन्हं कपाळ उघडं शे, भाऊ. ती ऐकी ऱ्हायनी ना भिंतीमांगे, तिले सांग. तिन्हा धनी चुडामण अजून बसेल शे खाटवर."

जन्मभर हवं होतं ते मिळालं, ते असं. तरी मी नवं लुगडं नेसून गेले. कुंकवाची वाटी घेतली नि पाहिलं, तर फुलवंता मागं वाळूच्या ढिगापाशी उभी. माझ्या जागेवर.

"ये इकडं, तू लाव," मी म्हटलं.

"लोक काय म्हणतीन?"

"विटा भिजवतांना विटांनी तुन्हं कपाळ देखं व्हतं का?"

तिनं कुंकू लावलं. हात जरासुद्धा हलला नाही, मेलीचा. नारळ मी फोडला. करवंट्या उमाकांतला उचलायला लावल्या.

संध्याकाळी नात रुचिकानं मोबाईलवर फोटो दाखवला. मधोमध चौकट, चौकटीत फुलवंता, राणीसारखी.

"मी कुठाय गं?"

"हे काय आजी, कडेला कोपर!"

बांगड्यांवरून ओळखलं, माझंच होतं.