नाताळचं गेज

अख्ख्या नाशकात मला ज्याच्याकडून कधी काहीही कमी करून घेता आलं नाही असा एकच माणूस होऊन गेला, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहत होता. मी पंचवटीच्या बाजारात मेथीच्या जुड्या विकत धंदा शिकलो आणि पुढे सातपूरच्या बंद पडलेल्या कारखान्यांची जुनी मशिनरी घेण्या-विकण्यात स्थिरावलो. समोरच्याने भाव सांगायला तोंड उघडलं की तो कुठे येऊन थांबणार हे मला कळतं. हा माणूस जिथून सुरुवात करायचा तिथेच थांबायचा.

सोसायटीत सगळे त्यांना इन्स्पेक्टरसाहेब म्हणत. नवा वॉचमन त्यांना पोलिसातले समजून कितीतरी दिवस कडक सलाम ठोकत होता, आणि साहेबही तो गंभीरपणे घेत होते. कुणाची स्कूटर चोरीला गेली तर लोक त्यांच्याकडे तक्रार घेऊन जात. ते सगळं ऐकून घेत आणि शेवटी कुलूप कुठल्या बनावटीचं होतं एवढंच विचारत. खरं तर ते अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. मशीनवर तयार झालेला जॉब, म्हणजे सुटा भाग, तपासायचं त्यांचं काम. त्यासाठी हातात गेज असतं, दोन तोंडांचा एक लोखंडी दांडा. एक तोंड ‘गो’, ते जॉबच्या भोकात गेलंच पाहिजे. दुसरं ‘नोगो’, ते जाताच कामा नये. जॉब दोन्हींत उतरला तर पास, कामातून गेला असेल तर रिजेक्ट, आणि थोडी मेहनत घेऊन सुधारण्यासारखा असेल तर रीवर्क. रिटायर झाल्यावर त्यांनी गेज कंपनीत जमा केलं, पण ते डोक्यातून काही निघालं नाही. लिंबं घेताना ते अंगठा आणि बोटाचं कडं करून एकेक लिंबू त्यातून घालत, आणि पास झालेल्या लिंबांचे सांगेल तेवढे पैसे देत. शेजारी उभ्या असलेल्या माझं रक्त आटायचं. वहिनींच्या चकल्यांनाही ते टॉलरन्सच्या, म्हणजे चालण्याजोग्या फरकाच्या, बाहेर गेल्या म्हणून बाजूला काढत. वहिनी हसून सांगायच्या, “लग्नाआधी मलाही यांनी बरेच दिवस रीवर्कमध्ये ठेवलं होतं.”

घर ख्रिस्ती. आमच्या दिवाळीचं ताट वर जायचं, त्यांच्या नाताळच्या करंज्या खाली यायच्या, आणि आमचा चांदणीचा आकाशकंदील दिवाळी संपली की सरळ त्यांच्या गॅलरीत चढायचा. डिसेंबर लागला की साहेब रोज संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लावत आणि तो नाताळचा आहे की नाही याचा निकाल देत. मी वर जायचोच. अर्थात कामासाठी. कधी एखाद्या जुन्या लेथबद्दल विचारायला, कधी बेअरिंग दाखवायला. मला कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाता येतं, रिकाम्या कारणाने जाता येत नाही.

माझं म्हणणं साधं होतं. बर्फ आहे, झाड आहे, लाल कपड्यातला दाढीवाला आहे, म्हणजे नाताळचा सिनेमा. साहेब मान हलवत. “शेठ, ते सगळं पेंट आहे. पेंट बघून मी जॉब पास करत नाही.” त्यांच्या गेजला दोनच तोंडं होती. गो म्हणजे, ज्याची घर वाट बघतंय तो माणूस दारातून आत आला पाहिजे. नोगो म्हणजे, तो कामासाठी आलेला असता कामा नये. सहज आला पाहिजे. मी घासाघीस सुरू करायचो. बर्फ सोडतो, पण झाड धरा. बरं, झाडही सोडतो, निदान तारीख तरी पंचवीस डिसेंबर ठेवा. ते एक मायक्रॉन हलत नसत. एकदा बर्फाने गच्च भरलेला, घंटा वाजवणारा एक परदेशी सिनेमा त्यांनी रिजेक्ट केला, कारण त्यातला मुलगा घरी आला तो जागेच्या कागदावर सह्या घ्यायला. आणि एक जुना काळा-पांढरा मराठी सिनेमा पास केला. त्यात भर उन्हात एक भाऊ चालत बहिणीच्या गावी येतो, ती घाबरून विचारते की घरी सगळं बरं आहे ना, आणि तो म्हणतो, सहज आलो. मी भडकलो. अहो, हा फार तर भाऊबीजेचा सिनेमा! साहेब म्हणाले, “तारीख चुकली असेल. जॉब बरोबर आहे.”

वहिनी गेल्या त्या वर्षीही त्यांनी सिनेमे लावले. त्यांचा एकुलता एक मुलगा कॅनडात. नाताळ जवळ आला की त्याचा फोन यायचा, बघतो पपा, जमलं तर. बहुतेक वेळा जमायचं नाही. आलाच तर कामासाठी, व्हिसाचं काही, लग्नाचं काही, आणि शेवटी आईच्या मातीला. त्या डिसेंबरात असाच फोन झाला, साहेब हूं हूं करत राहिले, फोन ठेवून त्यांनी समोरचा एक चांगला सिनेमा रिजेक्ट केला, आणि माझा तोल सुटला. म्हणालो, “साहेब, हे गेज तुम्ही सिनेमाचं नाही बनवलंत. पोराचं बनवलंत.”

त्यांनी टीव्ही बंद केला. मला वाटलं आता हाकलतील. पण ते म्हणाले की कुठलंही गेज मनाने बनत नाही, त्याला आधी एक मास्टर पीस, म्हणजे बिनचूक नमुना, लागतो. तसा त्यांनी एकदा बघितला होता. मुलगा पुण्याला हॉस्टेलवर होता, परीक्षेमुळे येणार नाही म्हणून कळवलं होतं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली तर दारात हा. आईने विचारलं, पैसे संपले का, बरं नाही का, काही भांडण झालं का. तो म्हणाला, काही नाही गं, सहज आलो. “हिने पुन्हा पीठ मळलं, शेठ. पुन्हा करंज्या तळल्या,” साहेब म्हणाले, आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून तोंड धूत राहिले.

गेल्या नाताळला मी ठरवून काहीही काम न काढता वर गेलो. त्यांनी दार उघडलं आणि नेहमीसारखं विचारलं, “काय काम काढलंत, शेठ?” मी म्हणालो, “काही नाही. सहज आलो.” नव्या सप्लायरचा माल तपासावा तसं त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला आणि सवयीने मी बोलून गेलो की ड्रिलिंग मशीनचं उद्या बघू. साहेब इतके हसले की त्यांना खोकला लागला. “रीवर्क! पुढच्या वर्षी फोन घरी ठेवून या. पास करीन.”

उन्हाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, कुणालाही तसदी न देता. माझी तक्रार आहे ती इथेच. माल ठेवून घ्यायचा, निकाल लोंबकळत ठेवायचा आणि दुकान बंद करून निघून जायचं, हा कुठला व्यवहार? मुलगा धावत आला, सगळं उरकून परत गेला.

या डिसेंबरात त्याचा फोन आला. फ्लॅट विकायचा होता. काका, तुमच्याइतकं बोलणं कुणाला जमणार, गिऱ्हाईक बघाल का? तो आला त्या संध्याकाळी मी जिना चढलो तो दोन-चार जळजळीत वाक्यं जुळवूनच. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली तो नाताळला घरी आला खरा. पण घर रिकामं झाल्यावर, आणि सह्या करायला. साहेब असते तर त्यांनी सरळ रिजेक्ट केला असता.

दार उघडलं. त्याने साहेबांचा तपकिरी स्वेटर घातला होता, खांद्यात सैल पडत होता. मागे टीव्हीवर तो काळा-पांढरा सिनेमा लागलेला, समोर दुकानातून आणलेल्या करंज्या, आणि टेबलावर दोन ताटल्या. घरात तो एकटाच होता.

“या काका. फ्लॅटचं काही काम होतं का?”

जुळवलेली वाक्यं तोंडापर्यंत आली होती. मी खिसे चाचपले. फोन खालीच राहिला होता.

“नाही रे,” मी म्हणालो. “सहज आलो.”

तो कडी सोडून बाजूला झाला. मग त्याने दुसरी ताटली माझ्यापुढे सरकवली. आम्ही सिनेमा पुरा बघितला. निघताना मी त्याला म्हटलं, पुढच्या नाताळला काही काम न काढता ये, खाली माझ्याकडे उतर. त्याने विचारलं, म्हणजे मी रिजेक्ट ना, काका? मी म्हटलं, नाही, रीवर्क.

करंज्या जरा टॉलरन्सच्या बाहेर होत्या. मी दोन खाल्ल्या.